कच्च्या खर्ड्याची बाजू

'प्रोटोटाइप' या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. समीक्षेच्या तासाला 'आर्केटाइप'साठी 'आदिबंध' हा शब्द आम्ही सहज वापरतो, विद्यार्थीही तो उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितात. पण त्याच्या या चुलत भावंडाच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. 'आदिरूप', 'मूळ नमुना' असे शब्द अधूनमधून वाचनात येतात. ते चुकीचे नाहीत, मात्र त्यांतल्या 'आदि' आणि 'मूळ' या उपपदांमुळे त्या वस्तूला एक पूज्यभाव चिकटतो. जे मूळ ते जपायचे, अशी आपली सवय. संगणकाची प्रणाली लिहिणारी माणसे ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, तो पुष्कळदा मोडण्यासाठीच केलेला असतो. म्हणून त्याला मराठीतला एक जुना, कचेरीतला आणि लेखनाच्या टेबलावरचा शब्द अधिक शोभेल असे आम्हांला वाटते : खर्डा. कच्चा खर्डा आणि पक्की प्रत हा भेद कारकुनापासून कवीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. (कोल्हापूरकडून आलेल्या विद्यार्थ्यापुढे हा शब्द उच्चारला की त्याला आधी हिरव्या मिरचीची आठवण होते, पण ओबडधोबड ठेचलेले, गुळगुळीत न वाटलेले, हा भाव तिथेही आहेच!)

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, पंधरा-वीस वर्षे साहित्य शिकवत चाळिशीत आलेल्या आम्हां दोघा अध्यापकांनी संगणकप्रणालीच्या खर्ड्याविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक कारण भांडुपमधल्या आमच्या एका छोट्या उपक्रमात आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच. दुसरे कारण असे की, संगणकाच्या क्षेत्रात या विषयावर गेल्या पन्नासएक वर्षांत जो वाद झाला, तो वाचताना आपण साहित्यव्यवहाराविषयीच वाचत आहोत असे आम्हांला वारंवार वाटत राहिले. लेखक म्हणजे कोण, वाचक केव्हा प्रवेश करतो, संहिता पूर्ण केव्हा होते, टाकून दिलेल्या मजकुराचे काय करायचे, हे सगळे आपलेच प्रश्न तिथे वेगळ्या वेषात उभे आहेत.

या वादाच्या आरंभीच एक गैरवाचन आहे, आणि समीक्षेच्या अभ्यासकाला त्याची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या संगणकप्रणाली कशा उभाराव्यात यावर एक निबंध सादर केला. आधी गरजा निश्चित करायच्या, मग विश्लेषण, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी, अशा पायऱ्या उतरत्या क्रमाने दाखवणारी एक आकृती त्यात होती. पुढे या पद्धतीला 'धबधबा' असे नाव पडले आणि रॉइसला तिचे जनकत्व बहाल करण्यात आले. प्रत्यक्षात निबंधात 'धबधबा' हा शब्द नाही. इतकेच काय, ही सरळ उतरती वाट धोक्याची आहे असे बजावून, काम नवे असेल तर ते दोनदा करावे, पहिल्या खेपेस लहान प्रमाणावर करून पाहावे, असा सल्ला त्याने पुढच्याच पानांतून दिला आहे. वाचणाऱ्यांनी आकृती पाहिली आणि मजकूर सोडला. कादंबरीऐवजी गाइड वाचून लेखकाची भूमिका ठरवणारे विद्यार्थी केवळ मराठीच्या वर्गात नसतात, हे पाहून थोडा दिलासा मिळतो.

पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, फ्रेडरिक ब्रुक्स यांचे 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक आले. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड प्रणालीचे काम त्यांनी सांभाळले होते, आणि त्या अनुभवातून त्यांनी स्पष्टच लिहिले की पहिली प्रणाली टाकून द्यावी लागतेच. तेव्हा ती टाकण्याची तयारी ठेवूनच कामाला लागावे. हा सल्ला पुढे सुभाषितासारखा सर्वत्र सांगितला गेला. आम्हांला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते १९९५ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच केलेले त्याचे पुनर्वाचन. हा सल्ला फार भाबडा होता, असे ते तिथे म्हणतात. एक संपूर्ण वस्तू करायची, मग ती टाकायची, मग दुसरी संपूर्ण वस्तू करायची, या कल्पनेत तोच 'धबधबा' दोनदा गृहीत धरलेला आहे. त्यापेक्षा लहानसा, चालता सांगाडा आधी उभा करावा आणि वापरणाऱ्यांच्या साक्षीने तो वाढवत न्यावा, अशी त्यांची नंतरची भूमिका झाली. म्हणजे खर्ड्याचे दोन प्रकार झाले. एक, फाडून टाकायचा. दुसरा, ज्यावरच पुढची प्रत चढत जाते तो. कवितेच्या वहीत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात, हे वाचकांना सांगायला नकोच.

डोनाल्ड नूथ यांची हकीकत तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण तिचा उगम छापील पानाच्या सौंदर्यात आहे. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी पाहून ते इतके व्यथित झाले की संगणकावर अक्षरजुळणी करणारी प्रणाली स्वतःच रचायची असे त्यांनी १९७७ मध्ये ठरवले. तिचे नाव 'टेक'. आराखडा लिहून दोन विद्यार्थ्यांच्या हाती सोपवला आणि नूथ चीनच्या प्रवासाला निघून गेले. परत येईपर्यंत मुलांनी एक छोटा नमुना चालवून दाखवला होता. पण स्वतः लिहायला बसल्यावर नूथ यांच्या लक्षात आले की आपल्याला स्वयंपूर्ण वाटलेल्या त्या आराखड्यात पावलोपावली निर्णय घ्यायचे राहून गेलेले आहेत. जो कल्पना करतो त्यानेच पहिला खर्डा लिहावा, त्यानेच तो प्रथम वापरावा आणि त्याची पहिली मार्गदर्शिकाही त्यानेच लिहावी, असा निष्कर्ष त्यांनी पुढे मांडला. १९७८ ची प्रणाली बाजूला ठेवून त्यांनी ती नव्याने लिहिली. १९८२ चे 'टेक' ते हेच. दरम्यान सापडलेल्या प्रत्येक दोषाची त्यांनी नोंदवही ठेवली आणि १९८९ मध्ये त्या दोषांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे लेखकाची समग्र पत्रे निघतात, समग्र भाषणे निघतात. समग्र चुका काढण्याचे धैर्य कोणी दाखवल्याचे आम्हांला ठाऊक नाही.

खर्डा संगणकावरच करावा लागतो असेही नाही. जेफ हॉकिन्स यांनी १९९६ मध्ये बाजारात आलेला 'पाम पायलट' हा खिशातला संगणक घडवताना आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि तो ते खिशात घेऊन हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा, काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे आणि परत खिशात टाकायचा. लोक हसले असतील. पण आपण दिवसातून किती वेळा आणि नेमके कशासाठी ही वस्तू बाहेर काढतो, हे त्यांना एकही तार न जोडता कळले. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेला प्रयोग याहून नाट्यमय आहे. बोललेले आपोआप टंकित करणारे यंत्र तेव्हा शक्य नव्हते. असे यंत्र मिळाले तर माणसे ते कसे वापरतील, हे मात्र त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी एका खोलीत बोलणारा माणूस बसवला आणि दुसऱ्या खोलीत टंकलेखक. बोललेले शब्द समोरच्या पडद्यावर उमटत. लिहिणारे हात पडद्याआड राहत. विंगेतला प्रॉम्प्टर मराठी रंगभूमीने शतकभर सांभाळला. त्यामुळे ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये.

रंगभूमीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगायला हवे. तालीम आणि रंगीत तालीम यांत नाट्यव्यावसायिक फरक करतात. साध्या तालमीत नट हातात काठी धरून तिला तलवार मानतो, आणि दिग्दर्शक त्याला मध्येच थांबवू शकतो. रंगीत तालमीत पोशाख चढलेला असतो, दिवे लागलेले असतात, आणि मग दिग्दर्शकाचीही थांबवण्याची छाती होत नाही. प्रणाली घडवणारेही आता आवर्जून कागदावर पेन्सिलीने काढलेला खर्डा आधी दाखवतात, कारण चकचकीत पडदा समोर आला की बघणारे भिडेखातर 'छान आहे' म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या बाजूने तेंडुलकरांचे १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवावे. तिथे वेळ घालवण्यासाठी मांडलेले अभिरूप न्यायालय पाहता पाहता लीला बेणारेच्या आयुष्यावर खरा निवाडा देऊ लागते. 'अभिरूप' हा किती नेमका शब्द तेंडुलकरांच्या त्या खेळातून घरोघर पोचला! खेळ म्हणून मांडलेली गोष्ट खेळच राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, ही त्या नाटकातली भीती खर्ड्याच्या बाबतीतही खरी आहे.

तिचा पुरावा आमच्या भांडुपमधूनच रोज धडधडत जातो. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता, मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाट लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. स्थानकाबाहेरच्या गर्दीत उभे राहून हे सांगितले तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आहे खरे. त्या कल्पनेला मूर्त रूप आले ते मात्र एकदम घाटापर्यंत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ च्या ऑगस्टमध्ये जो करार केला, तो 'प्रायोगिक' मार्गापुरता होता. खरे साध्य होते घाटापलीकडचा कापूस. करून पाहायचा होता तो सपाटीवरचा छोटा तुकडा. दलदलीत भराव टिकतो का, पावसाळ्यात रूळ जागेवर राहतात का, मजूर कसे मिळतात, एकमेकांचा विटाळ मानणारी माणसे एका डब्यात बसतील का, हे सगळे त्या तुकड्याला विचारायचे प्रश्न होते. नोव्हेंबर १८५२ मध्ये संचालक मंडळींना घेऊन चाचणीची गाडी ठाण्याला जाऊन आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांसह ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणला गेला, आणि घाट चढायला १८६० चे दशक उजाडावे लागले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात या आगगाडीला मिळालेले स्थान पाहिले म्हणजे, दहा वर्षांत हा प्रयोग शहराच्या वर्णनाचा अविभाज्य भाग कसा झाला ते कळते.

आता यातली दुसरी बाजू पाहावी. रुळांमधले अंतर किती असावे यावर त्या काळी वाद होता. इंग्लंडातले प्रचलित माप चार फूट साडेआठ इंचांचे होते. लॉर्ड डलहौसी यांच्या आग्रहाने हिंदुस्थानात पाच फूट सहा इंचांचे माप ठरले. प्रायोगिक तुकडा त्या मापाने घातला गेला, आणि मग त्याला जोडून येणारा प्रत्येक मार्ग त्याच मापाचा होणे क्रमप्राप्त झाले. आज भांडुपहून सुटणारी लोकल त्याच रुंदीवर धावते. थोडक्यात, प्रयोग तात्पुरता होता, त्यातला हा निर्णय मात्र कायमचा झाला. खर्डा करताना त्यातले काय खोडता येईल आणि काय खोडता येणार नाही हे आधी ओळखणे किती निकडीचे असते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला सापडत नाही. संगणकाच्या क्षेत्रातले जाणते लोक हीच तक्रार करतात : दाखवण्यापुरते म्हणून घाईने रचलेले काही वरिष्ठांना आवडते, 'चालते आहे की, हेच वापरा' असा हुकूम येतो, आणि पुढची दहा वर्षे साऱ्यांना त्या कच्च्या पायावर इमारत चढवावी लागते.

खर्ड्याची पायरी अरुंद ठेवली तर काय होते, हे मुंबईने २०१७ साली पाहिले. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचा प्रश्न होता आणि सर्व विद्याशाखांना एकाच हंगामात या पद्धतीवर आणायचे होते. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, परदेशी प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. हा सगळा तपशील त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. पडद्यावर तपासणी ही कल्पना मुळातच वाईट होती, असे आमचे म्हणणे नाही. एका वाक्याचे उत्तर आणि कादंबरीवरचे सहा पानी उत्तर पडद्यावर सारख्याच वेगाने वाचता येत नाही, ही गोष्ट कळायला १७ लाख उत्तरपत्रिका लागत नाहीत, शंभर पुरतात. ते शंभरांचे ज्ञान हाती यायला एक सत्र द्यावे लागते, आणि आपल्या संस्थांना सत्र देणे जिवावर येते.

आता आमच्या उपक्रमाविषयी. भांडुप हे कोकणातून आलेल्या कामगारांनी वसवलेले उपनगर आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आजूबाजूला सिएटचा टायरचा, एशियन पेंट्सचा रंगाचा, गेस्ट कीन विल्यम्सचा, असे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या भोवताली टेंभीपाडा, सोनापूर, व्हिलेज रोड इथल्या चाळी भरत गेल्या. कारखान्यांच्या पुष्कळशा जागांवर आता उंच इमारती आल्या आहेत. त्या कामगारांची एक बोली होती : सिंधुदुर्ग-रत्नागिरीची चाल, मधोमध कारखान्याचे इंग्रजी, वर मुंबईचे हिंदी. पाळी, खाडा, बदली, भोंगा, ओटी, हप्ता, टाळेबंदी. ती बोलणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांचा शब्दसंग्रह करून तो सर्वांना संगणकावर पाहता-ऐकता येईल असा ठेवावा, अशी आमची इच्छा. आमचा एक माजी विद्यार्थी पवईच्या एका कंपनीत प्रणाली लिहितो. त्याच्याकडे विषय काढला तेव्हा तो म्हणाला, ''सर, मॅडम, प्रणाली नंतर. आधी पत्ते खेळू.''

पत्ते म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद. त्याने दोन प्रकार केले होते. पहिल्या प्रकारावर वर शब्दासाठी चौकट, खाली व्याकरण, त्याखाली अर्थ. कोणत्याही कोशात असते तसे. दुसऱ्या प्रकारावर वर फक्त एक प्रश्न : 'तेव्हा काय झाले?' आणि खाली मोकळी जागा, शब्दासाठीची चौकट अगदी तळाशी. दोन्ही घेऊन आम्ही तिघे रविवारी सकाळी चाळींच्या गॅलऱ्यांतून बसू लागलो. आम्ही कोणताच प्रकार अधिक चांगला आहे असे सुचवायचे नाही, हा त्याचा दंडक होता.

तीन रविवारांत जे दिसले ते असे. पहिल्या पत्त्यावर 'भोंगा' या शब्दापुढे 'कारखान्याचा कर्णा' एवढाच अर्थ मिळे, आणि सांगणारे चहा पुढे करून विषय संपवीत. दुसऱ्या पत्त्यावर भोंगा एकट्याने येतच नसे. कोणत्या कंपनीचा भोंगा कसा वाजे, कोणत्या भोंग्याला भाताचे आधण ठेवायचे, कोणत्या भोंग्याला मुलांना शाळेसाठी उठवायचे, आणि संपात भोंगा बंद झाला तेव्हा साऱ्या चाळीचे वेळापत्रक कसे विसकटले, हे सगळे एका दमात येई. घरातल्या आजी, ज्या कारखान्याच्या फाटकाच्या आत कधी गेल्या नव्हत्या, त्या या शब्दाच्या अधिकारी जाणकार निघाल्या. 'खाडा' म्हणजे गैरहजेरी, हे कोणीही सांगेल. पण शिमग्याला गावी गेल्यामुळे पडलेले खाडे आणि गणपतीसाठी राखून ठेवलेली रजा यांचा जो हिशेब घराघरात चाले, त्याशिवाय त्या शब्दाचे वजन कळत नाही. एका आजोबांनी तर पहिला पत्ता सरळ परत केला. ''मास्तर, अर्थ कसलो इचारतास? काय झाला ता सांगतंय, तुमी लिवा.''

त्या एका वाक्याने प्रणालीचा आराखडा बदलला. शब्द हे शीर्षक आणि वापर हे उदाहरण, अशी जी मांडणी कोणीही गृहीत धरली असती, ती उलटी झाली : प्रसंग ही मुख्य नोंद, आणि शब्द म्हणजे तिच्याकडे नेणाऱ्या वाटा. एका प्रसंगाला सात शब्द जोडलेले असू शकतात, एका शब्दाला चाळीस प्रसंग. आमचा विद्यार्थी म्हणाला की हा बदल पत्त्यांवर अर्ध्या तासात झाला; प्रणाली लिहून झाल्यावर तो करायला दोन-तीन महिने गेले असते, आणि बहुधा तो टाळलाच गेला असता. साहित्याच्या बाजूने आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. वापरणाऱ्याचे मत घेणे आणि वापरणाऱ्याला सहलेखक होऊ देणे यांत अंतर आहे. 'तुम्हांला हे आवडले का?' असे विचारले असते तर आजोबा भिडेने हो म्हणाले असते. हातात कच्चा, वाकडा कागद आला म्हणून त्यांना तो परत करता आला.

कोशकारांना हे नवे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. आज आपण 'मोल्सवर्थ' म्हणतो तेव्हा बहुधा ही दुसरी आवृत्ती आपल्या मनात असते. मधल्या सव्वीस वर्षांत पहिल्या आवृत्तीने खर्ड्याचे काम केले, असे म्हटले तर तिचा अवमान होत नाही. ती हातात होती म्हणूनच काय राहिले ते दिसू शकले.

इथपर्यंत खर्ड्याची बाजू भक्कम आहे. पण एक आक्षेप आमच्याच उपक्रमात उभा राहिला आणि तो आम्ही सहजी बाजूला सारू शकत नाही. खर्ड्याला वेळ लागतो, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाकडे आपल्या खर्ड्यांसाठी वेळ असतोच असे नाही. पहिला पत्ता परत करणारे ते आजोबा दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याच्या मध्ये, ऐन पावसाळ्यात गेले. त्यांच्याकडून व्यवस्थित, शांतपणे, चांगल्या यंत्रावर सगळे मुद्रित करून घ्यायचे असे ठरलेले होते. त्यासाठी नोंदीचे रूप पक्के होण्याची आम्ही वाट पाहत होतो. हाती राहिले ते अकरा मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण. मोबाइलचा माइक गॅलरीतल्या गोंगाटात चालतो की नाही, एवढे पाहण्यासाठी आमच्या विद्यार्थ्याने ते केले होते. त्यात मागे कुकरची शिटी आहे, जिन्यावरून पळणारी मुले आहेत, आणि आजोबा रात्रपाळीहून रुळांच्या कडेने चालत घरी येण्याची हकीकत सांगत आहेत. चाचणीचे म्हणून ते पुसून टाकायचे होते. ते पुसले गेले नव्हते, एवढेच. त्यांच्या सूनबाईंनी ते मागून घेतले. आमच्या संग्रहातली पहिली पक्की नोंद तीच आहे.

यावरून आम्हांला असे वाटते की, टाकून देण्याच्या ब्रुक्सच्या सल्ल्याला आपल्या क्षेत्राकडून एक पुरवणी जोडता येईल. खर्ड्यातला आराखडा टाकावा. त्याच्या निमित्ताने माणसांकडून जे आले ते टाकू नये. प्रणालीच्या दृष्टीने आजोबांचे ते बोलणे चाचणीचा 'डेटा' होते. त्यांच्या दृष्टीने मात्र ते एकदाच सांगितलेले बोलणे होते. त्यांनी काही खर्डा म्हणून सांगितले नव्हते. त्यानंतर आम्ही क्रम बदलला : पहिल्याच भेटीत, रूप कितीही कच्चे असो, पूर्ण ऐकायचे आणि सगळे राखायचे. नोंदीची चौकट मागाहून कितीही वेळा मोडता येईल. पाच फूट सहा इंचांचा धडा इथे उलट्या बाजूने उपयोगी पडला. मोडता येण्याजोगे काय आणि न येण्याजोगे काय, हे आधी वेगळे करायचे.

वर्गाशी या सगळ्याचा संबंध काय, तेही सांगून टाकतो. आमचे विद्यार्थी आम्हांला फक्त पक्की प्रत दाखवतात. परीक्षेची रचनाच तशी आहे. तीन तासांत जे उमटले ते अंतिम. आता तर लेखन करून देणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि ती खोडाखोड न केलेला, नीटनेटका निबंध क्षणात हाती ठेवतात. प्रणालींच्या बाबतीतही तेच झाले आहे. दोन वाक्ये सांगितली की चालतासा दिसणारा पडदा तयार होतो. आमचा विद्यार्थी याला सोय मानतो, आणि त्याच वेळी त्याची काळजीही करतो. पूर्वी कच्चे काम कच्चे दिसत असे, म्हणून त्यावर बोलता येत असे; आता कच्चे कामच पक्क्याचा पोशाख घालून येते. रोज रंगीत तालीमच होणार असेल, तर नटाला मध्येच थांबवायचे कोणी आणि केव्हा?

यंत्रे बंद करावीत असे म्हणणे निरर्थक आहे. आम्ही आमच्या पुरते एवढेच केले आहे की, प्रकल्पाच्या गुणांतले काही गुण पहिल्या खर्ड्यासाठी आणि त्यावर दुसऱ्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने केलेल्या खुणांसाठी राखले आहेत. पहिल्या वर्षी मुलांनी खर्डेही सुवाच्य अक्षरात, समास आखून, शेवटी 'धन्यवाद' लिहून आणले. दुसऱ्या वर्षी एका मुलीने अर्धे पान खोडलेला कागद आणला आणि टेबलावर ठेवताना विचारले, ''मॅडम, हे असंच चालेल ना?'' तो निबंध पुढे चांगला झाला, पण गुण आम्ही आधीच दिले होते.

शब्दसंग्रहाची प्रणाली सध्या चौथ्या खर्ड्यात आहे. पत्ते अजून वापरात आहेत. गॅलरीत बसून ऐकताना मांडीवर पडदा ठेवण्यापेक्षा कागद बरा पडतो, असे आमच्या विद्यार्थ्याचेच मत आहे. जुने पत्ते त्याने वर्षवार बांधून विभागाच्या कपाटात ठेवले आहेत, आणि गठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'खर्डा १', 'खर्डा २', 'खर्डा ३'. कपाटात जागा कमी असल्याने ते रद्दीत द्यावेत काय, अशी विचारणा मध्यंतरी झाली होती. आम्ही नाही म्हटले.